साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पातील पहिले वर्ष: नवोदित मेकॅनिकल इंजिनिअरसाठी मार्गदर्शन

सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून, कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा साखराळ्याच्या राजारामबापू तंत्रसंस्थेतून मेकॅनिकलची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना वीज प्रकल्प म्हटले की चंद्रपूर, कोराडी किंवा परळी आठवते. प्रत्यक्षात कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा यांच्या खोऱ्यांत जे साखर कारखाने उभे आहेत, त्यांतील अनेकांच्या आवारात उसाच्या बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडावर, चालणारा सहवीज प्रकल्प आहे, आणि सांगली व सातारा या दोन जिल्ह्यांत घराजवळ राहून औष्णिक वीजनिर्मितीचे काम मुळापासून शिकण्याची तेवढी चांगली जागा दुसरी नाही. मोठ्या औष्णिक केंद्रात नवा अभियंता एका विभागात अडकून राहतो, तर येथे बॉयलर, टर्बाइन, पाणी, इंधन आणि राख या सगळ्यांशी त्याचा पहिल्या हंगामातच संबंध येतो.

कोयनेचे आकर्षण असणाऱ्यांसाठी एक खुलासा येथेच करून ठेवतो. धरण पाटण तालुक्यात असले, तरी धरणाच्या पायथ्याचे छोटे वीजगृह वगळता १९६० मेगावॉटच्या या प्रकल्पाची बाकी वीजगृहे घाटाखाली, रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात आहेत. ते काम जलविद्युतचे असून त्यात बॉयलर नाही, आणि भरती महानिर्मितीच्या जाहिरातीनुसार होते. त्याची तयारी जरूर करावी, परंतु या लेखाचा विषय तो नाही.

पुढे जो क्रम दिला आहे, तो मुद्दाम तसा ठेवला आहे. बहुतेक नवे अभियंते रुजू होताच टर्बाइनकडे आणि कंट्रोल रूममधील पडद्याकडे ओढले जातात, कारण ती जागा स्वच्छ, थंड आणि मानाची असते. प्रकल्प बंद पडतो तो मात्र बहुधा पाणी, बगॅस किंवा वाफ यांच्यातील बिघाडाने. म्हणून शिकण्याची सुरुवात तेथून करावी आणि टर्बाइन शेवटी ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुजू होण्यापूर्वी

मुलाखतीच्या वेळी किंवा नियुक्तिपत्र हाती येताच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. बॉयलर ताशी किती टन वाफेचा आहे आणि किती दाबाचा आहे, टर्बाइन बॅकप्रेशर (सगळी वाफ साखरगृहाकडे सोडणारे) आहे की एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग (काही वाफ मध्येच काढून उरलेली कंडेन्सरमध्ये नेणारे), कारखान्याला जोडून डिस्टिलरी आहे का, आणि गळीत संपल्यावरही प्रकल्प साठवलेल्या बगॅसवर काही काळ चालतो का, हे समजले की कामाचे स्वरूप निम्मे समजते. जुन्या कारखान्यांचे बॉयलर कमी दाबाचे होते, कारण त्या काळी बगॅस संपवणे एवढाच हेतू असे. वीज विकण्यासाठी उभारलेल्या प्रकल्पांत ६७, ८७ किंवा ११० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाचे बॉयलर आढळतात आणि त्यांच्या वाफेचे तापमान साधारण ४८५ ते ५४० अंश सेल्सियसपर्यंत असते. दाब वाढला की त्याच बगॅसमधून जास्त वीज मिळते, पण पाण्याच्या शुद्धतेबाबत बॉयलर तितकाच नाजूक होतो.

आणखी एक प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा आहे, पण तो विचारायला मुले संकोचतात. पद हंगामी आहे की बारमाही, आणि हंगामी असल्यास ऑफ सीझनमध्ये कामावर ठेवणार की रिटेन्शन भत्ता देऊन घरी पाठवणार? पहिल्या वर्षी ऑफ सीझनला घरी बसणारा अभियंता अर्धेच शिकतो. त्याचे कारण पुढे येईल.

अभ्यासाच्या दृष्टीने वाफेचे तक्ते वाचता येणे, मॉलिएर आकृतीवर दोन बिंदू मांडून एन्थाल्पीतील फरक काढता येणे आणि पंपाचा कर्व्ह समजणे एवढे ताजे करून गेले तरी पुष्कळ झाले. कपड्यांबाबत सूचना एवढीच की सुती कपडे वापरावेत. नायलॉन किंवा पॉलिएस्टर उष्णतेने वितळून कातडीला चिकटते.

पहिले दोन आठवडे: पाण्यामागे चालत जा

वहीचे कोरे पान घ्यावे आणि नदीवरच्या जॅकवेलपासून सुरुवात करावी. पाणी तेथून साठवण तलावात, मग गाळण यंत्रणेत, मग क्षार काढणाऱ्या डीएम प्लांटमध्ये, तेथून विरघळलेला प्राणवायू काढणाऱ्या डीएरेटरमध्ये आणि फीड पंपातून इकॉनॉमायझरमार्गे बॉयलरच्या ड्रममध्ये कसे पोहोचते, हे पाइप पाहत, प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबत, स्वतःच्या पायांनी चालून काढावे. ड्रममधून डाउनकमरने खाली येणारे आणि वॉटरवॉलमधून वर चढणारे पाणी, ड्रममध्ये वेगळी होणारी वाफ, प्राथमिक सुपरहीटर, त्यानंतर तापमान आवरण्यासाठी पाण्याचा फवारा मारणारा ॲटेम्परेटर, पुन्हा सुपरहीटर, मुख्य वाफवाहिनी आणि टर्बाइन असा पुढचा प्रवास आहे. टर्बाइनमधून काही वाफ मधल्या टप्प्यावर काढून साखरगृहाला दिली जाते, उरलेली कंडेन्सरमध्ये जाते, आणि दोन्हीकडचे कंडेन्सेट पुन्हा डीएरेटरकडे परतते. ही रेषा कागदावर आल्याशिवाय पडद्यावरचे चौकोन आणि आकडे यांना काहीच अर्थ नसतो.

रेखाटन पूर्ण झाल्यावर ते प्रकल्पाच्या मूळ पी अँड आयडी नकाशाशी ताडून पाहावे. फरक सापडतीलच. कोणत्या तरी हंगामात घाईने टाकलेली बायपास लाइन, ब्लँक करून सोडलेली फ्लॅंज, जागा बदललेला ड्रेन असे बदल नकाशावर चढवले जात नाहीत आणि ते जुन्या फिटरच्या डोक्यातच राहतात. अशा फरकांची यादी करून ती चीफ इंजिनिअरना दाखवणे, हे नव्या माणसाने प्रकल्पाला दिलेले पहिले खरे योगदान ठरते.

पाण्यानंतर हवा आणि धूर घ्यावा. एफडी फॅनची हवा एअर प्रीहीटरमधून जाळीखाली येते, एसए फॅनची हवा बगॅस भट्टीत पसरवते, आणि धूर सुपरहीटर, इकॉनॉमायझर, एअर प्रीहीटर व धुरातील राख पकडणारी ईएसपी ओलांडून आयडी फॅनमार्गे धुरांड्यात जातो. त्यानंतर मिलच्या शेवटच्या रोलरपासून बॉयलरच्या फीडरपर्यंतचा आणि जास्तीचा बगॅस यार्डात नेऊन टाकणाऱ्या कॅरियरचा मार्ग. राख आणि वंगण तेल यांना एकेक दिवस पुरतो.

ऊस, बगॅस आणि वाफ यांचा हिशेब

सहवीज प्रकल्पात विजेचा हिशेब उसापासून सुरू होतो, आणि तो स्वतःच्या हाताने एकदा मांडला की दररोजच्या बैठकीत वरिष्ठ कशावरून वाद घालतात ते कळू लागते. उदाहरणादाखल दिवसाला ५००० टन ऊस गाळणारा कारखाना घेऊ. म्हणजे ताशी सुमारे २०८ टन ऊस. उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के बगॅस मिळतो, तेव्हा ताशी सुमारे ६० टन बगॅस हाती येतो. त्यातील थोडा बारीक भुसा साखरगृहातील फिल्टरसाठी जातो. ५० टक्के ओलाव्याच्या एक किलो बगॅसपासून ढोबळमानाने सव्वादोन किलो वाफ धरली, तर ताशी १२५ ते १३० टन वाफ तयार होऊ शकते. साखरगृहाला उसाच्या ४२ टक्के वाफ लागते असे समजले, तर ८७ टन तिकडे जाते. उरलेल्या चाळीसेक टन वाफेचे काय करायचे हा प्रकल्पाचा खरा प्रश्न असतो. ती आत्ताच कंडेन्सरमध्ये सोडून वीज करायची, की बॉयलरचा भार कमी करून बगॅस यार्डात साठवायचा?

साखरगृहाकडे काढलेल्या कमी दाबाच्या वाफेवर एक मेगावॉट वीज करण्यासाठी ताशी साधारण साडेपाच ते सहा टन वाफ टर्बाइनमधून जावी लागते. कंडेन्सरपर्यंत नेलेल्या वाफेवर तोच मेगावॉट चार टनांच्या आसपास मिळतो. यावरून कोणी म्हणेल की सगळी वाफ कंडेन्सरमध्ये घालावी. पण कंडेन्सरमध्ये गेलेल्या वाफेची बहुतेक उष्णता कुलिंग टॉवरवरून हवेत जाते, तर साखरगृहात गेलेली वाफ रस उकळण्याच्या कामी येते. सहवीज या कल्पनेचा सारा फायदा त्या दुसऱ्या वापरात आहे. म्हणून साखरगृहाने वाफेचा वापर ४२ टक्क्यांवरून ३८ वर आणला, तर वीज विभागात कोणी काहीही न करता ताशी आठ टन वाफ मोकळी होते. वीज अभियंत्याने रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरकडे आणि साखरेचे दाणे तयार करणाऱ्या पॅनकडे अधूनमधून चक्कर टाकावी ती याचसाठी.

मिलकडेही तितकेच लक्ष हवे. बगॅसचा ओलावा ५० टक्क्यांवरून ५२-५३ वर गेला की भट्टी मंदावते, जाळीवर ढीग साचतो आणि दाब घसरू लागतो. अशा वेळी बॉयलरवरचा फायरमन दोषी नसतो. मिलवर इम्बिबिशनचे, म्हणजे उरलासुरला रस निघावा म्हणून चिपाडावर सोडायचे, पाणी वाढवले गेले असेल, शेवटच्या मिलचा हायड्रॉलिक दाब कमी झाला असेल, रोलर घासले असतील, किंवा अवकाळी पावसात तोडलेला चिखलमातीचा ऊस गव्हाणीत पडला असेल. त्या मातीने जाळीवर खडे जमतात आणि सुपरहीटरच्या ट्यूब झिजतात, म्हणजे नोव्हेंबरातल्या पावसाचा परिणाम फेब्रुवारीत ट्यूब फुटल्यावर दिसू शकतो.

बॉयलरवर काय पाहावे

ड्रममधील पाण्याची पातळी हा बॉयलरचा सर्वांत मोठा विषय आहे आणि त्यातला फसवा भाग पहिल्याच महिन्यात समजून घ्यावा. साखरगृहाने अचानक जास्त वाफ ओढली की ड्रमचा दाब उतरतो, पाण्यातील बुडबुडे फुगतात आणि पातळी वाढल्यासारखी दिसते. नवखा माणूस ती पाहून फीड पाणी कमी करतो, आणि बुडबुडे बसताच पातळी एकदम तळाला जाते. मिल थांबून वाफेची मागणी एकाएकी घटली की याच्या उलट घडते. म्हणून आधुनिक बॉयलरमध्ये पातळी, वाफेचा प्रवाह आणि पाण्याचा प्रवाह असे तीन घटक एकत्र पाहून फीड व्हॉल्व्ह चालवला जातो. ही व्यवस्था ऑटोवर चालू असतानाही वाफेच्या आणि पाण्याच्या प्रवाहाचे आकडे शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घ्यावी. पाणी सतत जास्त जात असेल, वाफ तेवढी येत नसेल आणि डीएम पाण्याचा खर्चही वाढला असेल, तर ब्लो-डाउनचा (ड्रममधील क्षारयुक्त पाणी बाहेर सोडण्याचा) किंवा एखाद्या ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद असूनही गळत आहे का ते आधी पाहावे आणि ते ठीक असल्यास कोठेतरी ट्यूब गळत असल्याची शंका घ्यावी.

पडद्यावरच्या आकड्यावर एकट्या विसंबू नये. प्रत्येक पाळीत ड्रमच्या मजल्यावर चढून गेज ग्लास, म्हणजे पातळी दाखवणारी काच, डोळ्यांनी पाहावा, तो नियमाप्रमाणे ब्लो होतो (वाफ-पाणी सोडून मोकळा केला जातो) का याची खात्री करावी आणि कंट्रोल रूममधील आकड्याशी तो जुळतो का हे लॉगशीटमध्ये लिहावे. गेज ग्लासमध्ये पाणी दिसतच नसेल आणि पातळी किती खाली गेली हे निश्चित नसेल, तर बगॅस फीडर ताबडतोब बंद करून वरिष्ठांना बोलवावे. तापून लाल झालेल्या ट्यूबवर घाईने पाणी सोडण्याचा मोह होतो आणि तो जीवघेणा असतो. या एका बाबतीत उत्पादन थांबल्याबद्दल कोणाची बोलणी खावी लागली तरी हरकत नाही.

भट्टीतील ड्राफ्ट किंचित उणे, म्हणजे पाण्याच्या स्तंभाच्या उणे पाच ते दहा मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. बगॅस चूटमध्ये अडकून एकदम सुटला, तर साचलेला भुसा क्षणात पेट घेतो, ड्राफ्ट धन होतो आणि पीपहोलमधून ज्वाळा बाहेर येते. त्यामुळे चूट मोकळी करणाऱ्या माणसाने तोंड समोर न धरता बाजूला उभे राहावे, आणि तो तसा उभा आहे हे पाहण्याची जबाबदारी त्या पाळीच्या अभियंत्याची आहे.

उच्च दाबाची वाफ गळत असेल तर गळतीच्या तोंडापाशी ती डोळ्यांना दिसत नाही. पांढरा ढग दिसतो तो काही अंतरावर थंड होऊन पाण्याचे थेंब झाल्यानंतर. नुसता शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर हात पुढे करून गळती शोधू नये. लांब काठीला फडके बांधून ते पाइपवरून सावकाश फिरवण्याची जुनी पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे.

पाण्यात साखर

ही अडचण चंद्रपूरच्या बॉयलरला माहीत नाही, ती केवळ साखर कारखान्याची आहे, आणि म्हणून पुस्तकातून शिकून आलेला अभियंता तिच्याबाबत बेसावध असतो. साखरगृहातून परत येणारे कंडेन्सेट गरम असते आणि वापरायला मोहक असते. परंतु इव्हॅपोरेटरच्या किंवा ज्यूस हीटरच्या एखाद्या ट्यूबला भोक पडले, अथवा रस उसळून वाफेबरोबर गेला, तर त्या कंडेन्सेटमध्ये साखर उतरते. बॉयलरच्या तापमानाला साखरेचे विघटन होऊन आम्ले तयार होतात, ड्रममधील पाण्याचा सामू झपाट्याने घसरतो, पाणी फेसाळते, फेस वाफेबरोबर सुपरहीटरमध्ये आणि पुढे टर्बाइनमध्ये जातो. ब्लो-डाउनचे पाणी तपकिरी दिसू लागते आणि जळक्या गुळासारखा वास येतो. वास येईपर्यंत थांबलेला अभियंता मात्र फार उशिरा जागा झाला असे समजावे.

यावर उपाय म्हणून प्रयोगशाळेत दर ठरावीक वेळाने कंडेन्सेटची अल्फा-नॅप्थॉल चाचणी करतात. नमुन्यात अल्फा-नॅप्थॉलचे थेंब घालून परीक्षानळीच्या कडेने सल्फ्युरिक आम्ल सोडले की साखर असल्यास दोन थरांच्या मध्ये जांभळे कडे उमटते. ही चाचणी स्वतः उभे राहून दोन-चार वेळा पाहावी. साखर आढळली की ते कंडेन्सेट तत्काळ गटाराकडे वळवायचे, डीएम पाण्याचा पुरवठा वाढवायचा, ब्लो-डाउन वाढवायचे आणि रसायनतज्ज्ञाच्या सल्ल्याने सामू सावरायचा, हा क्रम प्रत्येक पाळीतील माणसाला तोंडपाठ असला पाहिजे. कंडेन्सेट वळवण्याचा व्हॉल्व्ह कोठे आहे, तो हाताने फिरवावा लागतो की मोटरवर चालतो, आणि रात्री तेथे दिवा असतो का, हे तुम्ही पहिल्या आठवड्यातील पायपिटीत टिपून ठेवलेले असेल, तर त्या पायपिटीचे मोल येथे कळते.

एरवीच्या पाण्यासाठी डीएम पाण्याची वाहकता व सिलिका, फीड पाण्यातील प्राणवायू, आणि ड्रममधील सामू व फॉस्फेट एवढ्या नोंदी दररोज वाचाव्यात. सिलिकाकडे दुर्लक्ष झाल्यास ती उच्च दाबात वाफेबरोबर उडून टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखी बसते आणि हंगामाअखेर मेगावॉट का घटले याचे उत्तर कोणाला सापडत नाही.

टर्बाइन

टर्बाइन चालवण्यापेक्षा ते सुरू करताना आणि बंद करताना काय होते, ते आधी शिकावे. वंगण तेलाचा दाब व तापमान, बॅरिंग गिअरवर रोटर सावकाश फिरत ठेवणे, वाफवाहिनी गरम करून तिच्यातील पाणी ड्रेनमधून पूर्ण काढणे, ठरलेल्या वेगावर थांबून केसिंग तापू देणे आणि क्रिटिकल स्पीड न रेंगाळता ओलांडणे, या प्रत्येक पायरीमागे एकेक जुना अपघात आहे. ड्रेन घाईने बंद केले की वाफवाहिनीत वॉटर हॅमर होतो आणि त्याचा आवाज एकदा ऐकला की माणूस आयुष्यभर विसरत नाही. चालू टर्बाइनवर बेअरिंगचे तापमान, कंपन, ॲक्सियल शिफ्ट आणि कंडेन्सरचा व्हॅक्यूम यांची वाढ-घट पाहावी. एकटा आकडा फारसे सांगत नाही, आठवडाभरातील कल सांगतो.

महापारेषणची वाहिनी ट्रिप झाली तर जनरेटरचा भार क्षणात उतरतो. गव्हर्नरने वेग आवरला तर प्रकल्प स्वतःच्या आणि कारखान्याच्या भारावर आयलँड होऊन, म्हणजे बाहेरच्या वाहिनीपासून सुटा होऊन, चालत राहतो. आवरला नाही तर निर्धारित वेगाच्या साधारण ११० टक्क्यांवर ओव्हरस्पीड ट्रिप बसते आणि मग मिलपासून पॅनपर्यंत सगळे थांबते. अशा प्रसंगी प्रत्येकाने कोठे धावायचे हे आधीच ठरलेले असते. तुमची जागा कोणती, ते शिफ्ट इंजिनिअरना विचारून ठेवावे.

पाळी, लॉगशीट आणि माणसे

अनेक कारखान्यांत पाळी पहाटे चार, दुपारी बारा आणि रात्री आठ वाजता बदलते. तुम्ही पंधरा-वीस मिनिटे आधी पोहोचून आधीच्या पाळीच्या अभियंत्याबरोबर एक फेरी मारावी. लॉगशीटमध्ये दर तासाचा आकडा प्रत्यक्ष वाचून लिहावा. मागच्या तासाचा आकडा खाली उतरवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आढळते, आणि ट्यूब फुटल्यावर किंवा बेअरिंग गेल्यावर कारण शोधायला बसले की अशा लॉगशीटचा काडीचा उपयोग होत नाही.

बॉयलरवरचे फायरमन, वॉटरमन आणि टर्बाइनवरचे अटेंडंट यांनी वीस-वीस हंगाम पाहिलेले असतात. ते तुम्हाला साहेब म्हणतील, तुम्ही त्यांना अण्णा, मामा किंवा मिस्त्री म्हणावे. वय आणि अनुभव पाहता हेच योग्य आहे आणि आपल्याकडची रीतही तीच आहे. त्यातील एखादे मामा येऊन, “साहेब, दोन नंबरच्या फीड पंपाचा आवाज बदललाय, जरा बघून घ्या,” असे म्हणाले, तर पडद्यावर सगळे हिरवे असले तरी उठून जावे. सक्शन स्ट्रेनर चोंदणे, डीएरेटरची पातळी उतरणे किंवा बेअरिंगचे वंगण बिघडणे, यांपैकी काही ना काही निघते. मात्र सुरक्षेच्या नियमाबाबत त्यांचा अनुभव प्रमाण मानू नये. इतकी वर्षे असेच करतो हा युक्तिवाद परमिटऐवजी चालत नाही.

परमिटचे सांगायचे तर, चालू यंत्राजवळच्या कोणत्याही दुरुस्तीपूर्वी वर्क परमिट, विद्युत पुरवठा तोडून ब्रेकरला कुलूप व टॅग, आणि वाफेच्या किंवा पाण्याच्या लाइनवर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून मधला ड्रेन उघडा असल्याची खात्री, या गोष्टी झाल्याशिवाय सही करू नये. ड्रममध्ये किंवा डीएरेटरमध्ये माणूस उतरणार असेल, तर आतील हवा तपासलेली असावी, २४ व्होल्टचा दिवा असावा आणि बाहेर एक माणूस सतत बसलेला असावा. बगॅस यार्डाजवळ वेल्डिंग करायचे असल्यास आधी जागा भिजवावी, पाण्याचा होज हाताशी ठेवावा आणि काम संपल्यानंतरही पुरेसा वेळ तेथे पहारा ठेवावा, कारण बगॅस आतल्या आत धुमसतो आणि आग काही तासांनी बाहेर दिसते.

ऑफ सीझन

गळीत मार्च-एप्रिलच्या सुमारास संपते आणि शिकण्याचा सर्वांत चांगला काळ सुरू होतो. हंगामात ज्या यंत्रांच्या फक्त बाहेरच्या भिंती दिसल्या, ती आता उघडली जातात. ड्रमच्या मॅनहोलमधून आत जाऊन सायक्लोन सेपरेटर, भट्टीत उतरून जाळी आणि वॉटरवॉल, केसिंग उचलल्यावर टर्बाइनची पाती आणि सील, हे सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि छायाचित्रांसह वहीत नोंदवावे. ट्यूबची जाडी अल्ट्रासॉनिक पद्धतीने मोजतात, तेव्हा मागील वर्षाच्या नोंदींशी तुलना करून कोणत्या पट्ट्यात झीज वेगाने होते ते काढावे. बहुधा राखमिश्रित धूर जेथे वळतो, तेथेच ती सापडते. पंप आणि मोटर यांचे अलाइनमेंट डायल गेजने स्वतः करून पाहावे. थंड असताना अचूक जुळवलेला फीड पंप गरम झाल्यावर का सरकतो, हे एकदा हाताने अनुभवले की कायमचे लक्षात राहते.

कृष्णाकाठच्या कारखान्यांत एक काम जूनपूर्वीच उरकावे लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या पंपघरातील मोटरी, पॅनेल आणि सखल भागातील बगॅस यांची सोय पाऊस वाढण्याआधी करणे हा ऑफ सीझनच्या वेळापत्रकाचाच भाग मानला पाहिजे. पाणी चढू लागल्यावर क्रेन मिळत नाही.

बॉयलरची वार्षिक तपासणी बाष्पके संचालनालयाचे अधिकारी करतात. त्यासाठी बॉयलर थंड करून आतून-बाहेरून स्वच्छ करणे, सेफ्टी व्हॉल्व्ह व माउंटिंग उघडून ठेवणे, आणि सांगितल्यास कामाच्या दाबाहून अधिक दाबाने पाण्याची चाचणी देणे ही तयारी करावी लागते. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली आहे, तेव्हा जुन्या पुस्तकातील कलमांचे क्रमांक पाठ करू नयेत. दुरुस्तीत दाबाखालील भागावर वेल्डिंग करायचे असेल, तर ते मान्यताप्राप्त वेल्डरकडून आणि संचालनालयाच्या परवानगीनेच करावे लागते, हंगाम कितीही तोंडावर आला असला तरी. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख आणि निमंत्रितांची यादी आधीच ठरलेली असते, आणि त्या तारखेचा दबाव चाचण्यांवर येऊ न देणे हे अभियांत्रिकी विभागाचे काम आहे.

परीक्षा आणि प्रमाणपत्रे

ज्यांना याच क्षेत्रात पुढे जायचे आहे, त्यांनी बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर म्हणजेच बीओई परीक्षेचे लक्ष्य पहिल्या दिवसापासून ठेवावे. १००० चौरस मीटरहून अधिक तापपृष्ठ असलेल्या बॉयलरची जबाबदारी या प्रमाणपत्रधारकाकडे असावी लागते आणि सहवीज प्रकल्पांचे बॉयलर सहज या मर्यादेपलीकडे जातात, त्यामुळे अशा माणसाला मागणी असते. लेखी प्रश्नांपेक्षा तोंडी परीक्षा अवघड असते आणि तेथे पडद्यावरून शिकलेला व प्रत्यक्ष चालून शिकलेला उमेदवार लगेच ओळखू येतो. ऊर्जा लेखापरीक्षक होण्यासाठी ऊर्जा दक्षता ब्युरोची परीक्षा आहे, आणि साखर उद्योगाशी निगडित अभ्यासक्रमांसाठी पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे चौकशी करावी. नोकरी लगेच मिळत नसेल, तर पदवीधरांसाठी एक वर्षाच्या शिकाऊ उमेदवारीची नोंदणी केंद्राच्या नॅट्स संकेतस्थळावर करता येते.

बीओईसाठी अनुभवाचा दाखला लागतो. त्यात बॉयलरचा नोंदणी क्रमांक, तापपृष्ठ, दाब, तुम्ही केलेले काम आणि कालावधी स्पष्ट लिहिलेला असावा, आणि तो नोकरी सोडताना नव्हे, तर दरवर्षी हंगाम संपताच चीफ इंजिनिअरच्या सहीने व कारखान्याच्या शिक्क्यासह घेऊन ठेवावा. वरिष्ठ बदलून गेल्यावर मागील तीन हंगामांचा दाखला एकदम मागायला गेल्यास नवे साहेब सही करायला कचरतात, आणि त्यांचेही चुकीचे नसते.